न्यू जर्सीत अँटेनावरचा एचडी टीव्ही कॉम्प्युटरवर बघायचाय? ट्यूनर घेण्याआधी हे वाचा

एडिसन, आयसेलिन, प्लेन्सबरो या बाजूला नवीन राहायला आलेली मंडळी दर थोड्या दिवसांनी एकच प्रश्न विचारतात, की टीव्ही घेतलेला नाही, घ्यायचाही नाही कारण वर्षभरात घर बदलायचंय, पण लॅपटॉप आहे, ऑफिसच्या कामासाठी घेतलेला मोठा मॉनिटर आहे, तर त्याच्यावर इथले लोकल चॅनेल बघता येतील का. येतात, आणि महिन्याचं काही बिल न भरता येतात. एक अँटेना आणि एक टीव्ही ट्यूनर लागतो. मी बरीच वर्षं हेच वापरतोय, आणि माझं ठाम मत असं झालंय की लोक ट्यूनरवर डोकं खपवतात आणि अँटेनाकडे बघतसुद्धा नाहीत, मग चॅनेल आले नाहीत की ट्यूनर परत करतात. म्हणून इथे थोडं उलट्या बाजूने सुरू करतो.

आधी ट्यूनर म्हणजे काय ते दोन वाक्यांत. हवेतून एका वेळी वीस-पंचवीस स्टेशनं येत असतात, त्यातलं एक पकडून त्याचा डिजिटल डेटा कॉम्प्युटरच्या हातात द्यायचा, एवढंच त्याचं काम. टीव्हीच्या पोटात हा भाग असतोच, मॉनिटर आणि लॅपटॉपमध्ये नसतो. दुकानात किंवा ऑनलाइन शोधताना बाजूलाच एचडीएमआय कॅप्चर कार्डं दिसतात, दिसायला सारखीच आणि स्वस्त, पण ती गेम किंवा कॅमेऱ्याचं चित्र आत घ्यायला असतात, त्यांना अँटेना लावता येत नाही. मागे गोल, मधे तांब्याची तार जाणारं आटे असलेलं भोक दिसलं तरच तो ट्यूनर समजा.

आणि काय दिसणार नाही ते आधीच सांगतो म्हणजे नंतर वाईट वाटणार नाही. क्रिकेट दिसणार नाही. मराठी किंवा हिंदी मालिकांचे चॅनेल दिसणार नाहीत, त्यासाठी इंटरनेटवरच्या सर्व्हिसेसच घ्याव्या लागतात. दिसतं ते असं: एबीसी, सीबीएस, एनबीसी, फॉक्स, पीबीएस, टेलिमुंडो, लोकल बातम्या, बर्फाचं वादळ येणार असेल तेव्हाचं हवामान, रविवारचे एनएफएलचे लोकल सामने. २०२६ च्या फुटबॉल वर्ल्ड कपचे इंग्रजी हक्क फॉक्सकडे आणि स्पॅनिश टेलिमुंडोकडे गेले ते बघून तर आमच्या बिल्डिंगमधल्या दोघांनी अँटेना घेतला. लाइव्ह मॅचला अजून एक फायदा आहे, इंटरनेटवरच्या स्ट्रीममध्ये बऱ्यापैकी उशीर असतो आणि हवेतून येणारं चित्र त्याच्या आधी पोचतं, म्हणजे शेजाऱ्याच्या ओरडण्यावरून गोल झाल्याचं कळायची वेळ येत नाही.

पहिलं काम: तुमच्या पत्त्यावर काय पोचतं ते बघा

एफसीसी, म्हणजे इथली टीव्ही-रेडिओचे नियम ठरवणारी सरकारी संस्था, तिच्या साइटवर डीटीव्ही रिसेप्शन मॅप आहे, आणि रॅबिटइअर्स डॉट इन्फो म्हणून एक साइट आहे, मला ही दुसरी जास्त आवडते. पत्ता टाकला की कुठलं स्टेशन किती ताकदीने आणि कुठल्या दिशेने येतं त्याची यादी मिळते. एडिसनहून न्यूयॉर्कचे टॉवर साधारण २५ मैलांवर, ईशान्येला. मुख्य स्टेशनं वन वर्ल्ड ट्रेड सेंटर किंवा एम्पायर स्टेट बिल्डिंगवरून येतात, म्हणजे दिशा जवळपास एकच, हे आपलं नशीब आहे. प्लेन्सबरो-प्रिन्स्टनच्या बाजूला मात्र एकीकडे न्यूयॉर्क आणि पाठीमागे फिलाडेल्फिया, दोन्ही लांब, तिथे ठरवावं लागतं की कुणाकडे तोंड करायचं.

त्या यादीत दोन नंबर असतात आणि सगळा घोळ इथेच होतो, त्यामुळे जरा सावकाश वाचा. एक नंबर स्क्रीनवर दिसणारा, २.१, ४.१, ७.१ वगैरे. तो नुसती पाटी आहे. दुसरा आरएफ नंबर, म्हणजे स्टेशन खरोखर ज्या फ्रीक्वेन्सीवर आहे तो. न्यूयॉर्कचं सीबीएस स्क्रीनवर २.१ आहे पण खरं आरएफ ३६ वर आहे. एनबीसी ४.१, खरं ३५ वर. फॉक्स ५.१, खरं २७ वर. हे सगळे यूएचएफ, म्हणजे १४ ते ३६ च्या पट्ट्यातले, खिडकीला चिकटवायच्या पातळ कागदासारख्या अँटेनावर आरामात येतात. पण एबीसी ७.१ हे खरंच आरएफ ७ वर आहे, ११.१ खरंच ११ वर आहे, आणि पीबीएसचं १३.१ आहे १२ वर. हे तिन्ही व्हीएचएफ. त्यांच्या लहरी लांब असतात आणि पातळ चौकोनी अँटेना त्या नीट पकडत नाही. "सगळं येतं पण ७ येत नाही, ट्यूनर खराब आहे" अशी जी तक्रार असते ना, तिच्यामागे दहापैकी नऊ वेळा मला हेच सापडलंय.

उपाय स्वस्तातला आहे. जुन्या पद्धतीचा, दोन लांब दांड्या असलेला अँटेना घ्या, त्याला इथे रॅबिट इअर्स म्हणतात, सोबत यूएचएफची रिंग किंवा पट्टी असलेला. आरएफ ७ साठी प्रत्येक दांडी साधारण ४२ सेंटिमीटर लागते, ११-१२ साठी थोडी कमी, तर ४० च्या आसपास ठेवून दांड्या आडव्या करा, तिन्ही येतात. पूर्ण ताणून व्ही आकारात उभ्या केल्या की उलट बिघडतं. फिलाडेल्फियाकडे तोंड असणाऱ्यांची पंचाईत जास्त, तिथलं एबीसी ६.१ हे आरएफ ६ वर, म्हणजे एफएम रेडिओच्या पट्ट्याच्या लगेच खाली, त्याला दांडी दुप्पट लांब लागते.

दुसरं काम: अँटेना कुठे लावायचा

टॉवरच्या दिशेची खिडकी, आणि जितकं उंच तितकं चांगलं. लोखंडी जाळी, फॉइल लावलेली भिंत, काचेवरचा उन्हापासून वाचवणारा कोट, यातलं काही मधे असेल तर अँटेना हलवा. आमची बाल्कनी नैऋत्येला आहे, आधी मी हौसेने तिथेच लावला होता आणि जेमतेम आठ चॅनेल येत होते. तोच अँटेना मुलीच्या खोलीच्या ईशान्येकडच्या खिडकीत नेला आणि साठच्या वर गेले, एक डॉलर जास्त न घालता. (साठ ऐकून हुरळून जाऊ नका, त्यात खरेदीचे, जुन्या मालिकांचे आणि इतर भाषांतले पुष्कळ असतात. रोजच्या बघण्यातले आठ-दहाच.)

भाड्याच्या घरात एक प्रश्न नेहमी येतो, लीझिंग ऑफिस म्हणतं बाल्कनीत अँटेना लावायचा नाही. एफसीसीचा १९९६ पासूनचा नियम आहे, त्याला ओटार्ड म्हणतात, आणि १९९९ पासून तो भाडेकरूंनाही लागू आहे. जी बाल्कनी किंवा पॅटिओ फक्त तुमच्या वापराची आहे तिथे टीव्हीचा अँटेना लावायला ते सरसकट बंदी घालू शकत नाहीत. कॉमन गच्ची, बाहेरची भिंत, तिथे मात्र हा नियम तुमच्या मदतीला येत नाही, आणि भोकं पाडायची परवानगीही त्यातून मिळत नाही. नम्रपणे ईमेलमध्ये त्या नियमाचं नाव लिहा, भांडण करायची गरज पडत नाही.

ॲम्प्लिफायर उगाच लावू नका. तो नसलेला सिग्नल तयार करत नाही, आलेला मोठा करतो आणि सोबतचा खरखराटही मोठा करतो. जर्सी सिटीत नदीपलीकडे टॉवर समोर दिसतो, तिथे ॲम्प्लिफायर लावला तर ट्यूनर गुदमरतो आणि आहेत तेही चॅनेल जातात. अँटेनापासून ट्यूनरपर्यंत केबल फार लांब न्यायची असेल किंवा स्प्लिटरने दोन-तीन ठिकाणी वाटायची असेल तर ठीक, कारण दोन तोंडांच्या स्प्लिटरमधून प्रत्येक बाजूला अर्ध्याहून कमी सिग्नल जातो. केबल आरजी-६ घ्या, ७५ ओहमवाली.

तिसरं काम: ट्यूनर कुठल्या पद्धतीचा आहे ते वाचा

इथे माझे स्वतःचे पैसे गेलेत, म्हणून कळकळीने सांगतो. अमेरिकेत हवेतलं टीव्ही प्रसारण एटीएससी पद्धतीचं आहे. भारतात, युरोपात डीव्हीबी. तुम्ही पुण्याहून येताना आणलेली डीव्हीबी-टी२ ची डोंगल इथे एकही चॅनेल पकडणार नाही, सॉफ्टवेअर बदलून, फर्मवेअर टाकूनही नाही, कारण सिग्नल हवेत सोडायची पद्धतच वेगळी आहे. उलटंही तसंच, इथला ट्यूनर आई-बाबांसाठी गावी नेऊ नका, डीडी फ्री डिश उपग्रहावरून येतं आणि त्याला डीव्हीबी-एस२ चा ट्यूनर लागतो.

जुना माल घेताना अजून सांभाळा. इथल्या मोठ्या स्टेशनांनी १२ जून २००९ ला ॲनालॉग बंद केलं. त्याच्या आधीची कार्डं, ज्यांच्यावर फक्त एनटीएससी, म्हणजे ती जुनी ॲनालॉग पद्धत, लिहिलंय, ती आता काही उपयोगाची नाहीत. मी आल्या आल्या एका ऑनलाइन विक्रेत्याकडून "एचडी रेडी टीव्ही कार्ड" असं लिहिलेलं घेतलं होतं, घरी आल्यावर पुठ्ठ्यावरचं बारीक अक्षर वाचलं तर फक्त एनटीएससी, आणि परत घ्यायला त्याने नकार दिला. तर बॉक्सवर एटीएससी हा शब्द स्वतःच्या डोळ्यांनी बघा, "डिजिटल", "एचडी" असल्या शब्दांवर जाऊ नका.

सोबत क्लिअर क्यूएएम असंही लिहिलेलं असतं, म्हणजे केबल कंपनीची वायर थेट लावून बघता येईल. एकेकाळी येत होतं. २०१२ मध्ये एफसीसीने पूर्ण डिजिटल झालेल्या केबल कंपन्यांना साधे चॅनेलसुद्धा कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करायची मुभा दिली, तेव्हापासून त्या सोयीसाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ राहिला नाही. आणि जाहिरातीत "विंडोज मीडिया सेंटरसह चालतो" असं असेल तर ते जुन्या काळचं समजा, विंडोज १० पासून मीडिया सेंटर नाहीच.

चौथं काम: यूएसबी, आतलं कार्ड की नेटवर्कवाला

तीन जाती आहेत. यूएसबी स्टिक लॅपटॉपला लावायची, अँटेनाची वायर तिला जोडायची, झालं. हॉपॉग कंपनीची विनटीव्ही ड्युअलएचडी ही त्यातली चांगली, एका स्टिकमध्ये दोन ट्यूनर आहेत. (हॉपॉग हे लाँग आयलंडवरच्या गावाचं नाव आहे, कंपनी तिथलीच, स्पेलिंग बघून उच्चार कुणालाच जमत नाही.) लिनक्स वापरणाऱ्यांसाठी तिचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे. अडचण एवढीच की लॅपटॉप अँटेनाच्या वायरीला बांधला जातो, आणि चांगला सिग्नल ज्या खिडकीत आहे तिथेच बसून बघावं लागतं. शेअरिंगमध्ये एका खोलीत राहत असाल तर हीच घ्या, दुसरा विचार नको.

आतलं पीसीआय एक्सप्रेस कार्ड, उदाहरणार्थ त्याच कंपनीचं क्वाडएचडी, चार ट्यूनरचं, हे ज्यांचा डेस्कटॉप चोवीस तास चालू असतो त्यांच्यासाठी. नवीन आलेल्या माणसाकडे असा डेस्कटॉप सहसा नसतो, पुढे जाऊया.

तिसरा नेटवर्क ट्यूनर, आणि कुटुंब असेल तर माझं मत सरळ याच्याच बाजूने आहे. सिलिकॉनडस्ट कंपनीचा एचडीहोमरन हा त्यातला सगळ्यात जास्त दिसणारा. लहानसा डबा, एका बाजूला अँटेनाची वायर, दुसऱ्या बाजूला इथरनेटची वायर राउटरला. मग घरातल्या वायफायवर जे काही आहे, विंडोज, मॅक, टॅबलेट, फोन, सगळ्यांवर चॅनेल दिसतात. डबा चांगल्या खिडकीजवळ राहतो आणि तुम्ही स्वयंपाकघरात बसून बातम्या बघता. मॅकवाल्यांनी तर हाच घ्यावा, यूएसबीवाल्यांचा सपोर्ट तिथे भरवशाचा नाही. डब्यापासून राउटरपर्यंत मात्र वायरच हवी, आणि लॅपटॉप राउटरपासून लांब असेल तर ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर ठेवा, कारण एका स्टेशनच्या सिग्नलमधून जास्तीत जास्त १९.३९ मेगाबिट प्रति सेकंद एवढा डेटा येऊ शकतो आणि २.४ च्या गर्दीत तो अडकतो.

किती ट्यूनर? एका वेळी एक चॅनेल बघायला एक, दुसऱ्यावरचं रेकॉर्ड करायला दुसरा. दोन ट्यूनर बहुतेक घरांना पुरतात. आमच्याकडे आई-बाबा सहा महिने राहायला आले तेव्हा दोन कमी पडायला लागले, बाबा पीबीएसवर, मुलगी कार्टूनवर, आणि मॅचचं रेकॉर्डिंग लावलं की कुणाला तरी उठावं लागायचं. तेव्हा चारवाला घेतला.

आता एटीएससी ३.०, म्हणजे त्याच पद्धतीची नवी आवृत्ती, ज्याला जाहिरातीत नेक्स्टजेन टीव्ही म्हणतात. २०१७ मध्ये एफसीसीने परवानगी दिली, स्टेशनांवर सक्ती केली नाही. तंत्र म्हणून चांगलं आहे, ४के पर्यंत जाऊ शकतं, कमकुवत सिग्नलही चांगला पकडतं. पण बऱ्याच स्टेशनांनी त्याला कुलूप लावलंय, आणि कुलूपबंद चॅनेल कॉम्प्युटरवर बघायचे म्हटलं की रडतखडत होतं किंवा होतच नाही. प्रेक्षकांच्या मालकीच्या हवेतून जाणारं प्रसारण असं कुलपात घालणं मला मुळातच पटत नाही. तेच मुख्य चॅनेल जुन्या एटीएससीतही चालू आहेत, तर कॉम्प्युटरवर बघणाऱ्याने ३.० साठी जास्त पैसे आत्ता घालू नयेत. जुनं कधी बंद करायचं याची चर्चा एफसीसीत चालू आहे, त्यामुळे जुन्या पद्धतीचा डबाही फार महागातला घेऊ नका.

पाचवं काम: कॉम्प्युटर आणि सॉफ्टवेअर

गेल्या दहा वर्षांतला कुठलाही कॉम्प्युटर चालतो. चित्र एमपेग-२ मध्ये येतं, जुनं आणि हलकं. एबीसी आणि फॉक्स ७२०पी पाठवतात, सीबीएस आणि एनबीसी १०८०आय. त्या आयचा अर्थ असा की चित्र एक सोडून एक ओळींत येतं, आणि मॉनिटरवर खेळाडू पळायला लागला की त्याच्या कडांना कंगव्याचे दात दिसतात. ट्यूनर खराब नाहीये, व्हीएलसी प्लेअरमध्ये बघत असाल तर व्हिडिओच्या मेन्यूत डीइंटरलेस चालू करा आणि मोड याडिफ २एक्स ठेवा, दात जातात आणि हालचालही गुळगुळीत होते.

नुसतं बघायचं तर कंपनीचं ॲप पुरे. हॉपॉगसोबत विनटीव्ही येतं, त्याचा ॲक्टिव्हेशन कोड बॉक्ससोबत फेकून देऊ नका. रेकॉर्डिंग करायचं असेल तर नेक्स्टपीव्हीआर फुकट आहे, जेलीफिनही फुकट आहे, प्लेक्समध्ये हीच सोय पैसे भरून मिळते. हवेतून येणारं कार्यक्रमांचं गाईड थोड्याच वेळापुरतं असतं, पुढच्या आठवड्याचं हवं असेल तर शेड्यूल्स डायरेक्ट नावाची ना-नफा संस्था थोडी वर्गणी घेऊन देते.

डिस्कचं गणित: १९.३९ मेगाबिटने तासाला जास्तीत जास्त ८.७ जीबी. एकाच स्टेशनात ७.१, ७.२, ७.३ असे भाऊबंद जागा वाटून घेतात म्हणून प्रत्यक्षात कमीच होतं. १ टीबीच्या डिस्कवर शंभर तास तरी धरून चाला.

जोडणी

अँटेना, ट्यूनर, कॉम्प्युटर जोडा, ॲपमध्ये चॅनेल स्कॅन करा, पाच-दहा मिनिटं लागतात. मग ७.१ लावा आणि सिग्नल मीटर उघडा. एचडीहोमरनमध्ये तीन आकडे दिसतात, ताकद, क्वालिटी आणि सिंबल क्वालिटी. ताकदीकडे फार बघू नका, सिंबल क्वालिटी १०० वर स्थिर राहिली पाहिजे, ती खाली आली की चित्राचे चौकोन पडतात. लहानपणी गच्चीवर अँटेना फिरवताना मुंग्या कमी झाल्या की कळायचं आपण जवळ आलोय, डिजिटलमध्ये तसं हळूहळू सुधारत नाही, एक तर पूर्ण चित्र असतं नाहीतर काहीच नसतं, म्हणून मीटर बघतच अँटेना हलवायचा, दर वेळी चार-पाच इंच, आणि हलवल्यावर पाच सेकंद थांबायचं.

संध्याकाळी पुन्हा तपासा, आणि परत करायची मुदत संपायच्या आत एकदा पावसातही. जानेवारीत छान येणारं मे महिन्यात झाडांना पानं आली की अडखळू शकतं, खिडकीसमोर मोठं झाड असेल तर हे लक्षात असू द्या. एखादं स्टेशन एकाएकी गायब झालं तर आधी नवा स्कॅन करा, कारण स्टेशनं आरएफ बदलतात. २०२० च्या जुलैपर्यंत इथली शेकडो स्टेशनं सरकवली गेली, ३६ च्या वरची जागा लिलावात मोबाईल कंपन्यांना गेली म्हणून. मोबाईलचा टॉवर अगदी जवळ असेल तर ६०८ मेगाहर्ट्झच्या वरचं अडवणारा एलटीई फिल्टर मिळतो, अँटेनाच्या वायरीत मधे लावायचा.

आणि जागा एकदा पक्की झाली की खिडकीच्या चौकटीवर अँटेनाच्या बुडाभोवती रंगीत टेपने खूण करून ठेवा. आमच्याकडे पडदे धुवायला काढले की तो वीतभर सरकतो आणि नेमकं ७.१ जातं.